सीपीएलचे 200 तास: स्लॉट कसा मिळतो, मीटर कधी सुरू होतो, पैसे कधी भरायचे

राजेंद्रनगरच्या एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगी यंदा बारावी झाली, फिजिक्स-मॅथ्स होतं, घरी राहून इंदुरातच कमर्शियल पायलट लायसन्स (सीपीएल) करायचं म्हणते. फ्लाइंग स्कूलवाले ताशी दर सांगतात आणि वर्षभरात सगळं उरकेल म्हणतात. रोज किती उडायला मिळतं, तास मोजतात कसा आणि पैसे एकरकमी भरावेत का, हे त्यांना हवं आहे.

ताशी दर हा या व्यवहारातला सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा आहे. तो विचारण्याआधी दोन आकडे मागा: गेल्या बारा महिन्यांत शाळेच्या सगळ्या विमानांनी मिळून किती तास उड्डाण केलं, आणि आज प्रत्यक्ष उडणारे विद्यार्थी किती आहेत. मग भागाकार करा. समजा, माहितीपत्रकात पाच विमानं आहेत. त्यातलं एक 100 तासांच्या तपासणीला हँगरमध्ये, एक सुट्या भागाची वाट बघत उभं. उरली तीन. हवा चांगली असलेल्या महिन्यात एकेका विमानाने 70 तास केले तर झाले 210. विद्यार्थी तीस असतील तर डोक्यावर महिन्याला सात तास येतात. 200 तासांना अठ्ठावीस-एकोणतीस महिने, तेही पावसाळा न धरता. याच शाळेत पंधराच विद्यार्थी असते तर काम निम्म्या वेळात झालं असतं, मग दर हजार रुपयांनी जास्त का असेना. विमानांची संख्या सगळेच सांगतात, ‘सर्व्हिसेबल, म्हणजे आज उडण्याजोगी किती?’ असं विचारलं की उत्तर यायला जरा वेळ लागतो. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, 2025पासून प्रशिक्षण संस्थांना श्रेणी देऊ लागलं आहे, तीही बघा, पण हा भागाकार स्वतः करा.

उशीर झाला तर नुसतं वय वाढतं असं नाही, खिशालाही खड्डा पडतो. नियम असा आहे: एकूण 200 तास, त्यातले 100 पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असताना. या शंभरातले किमान 15 तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले लागतात. 20 तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका विमानतळाहून दुसरीकडे जाणारं लांबचं उड्डाण, त्यात एक फेरी 300 नॉटिकल मैलांची आणि वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून लँडिंग. 10 तास इन्स्ट्रुमेंट, म्हणजे बाहेर न बघता उपकरणांवर उडवणं, त्यातले सिम्युलेटरवर जास्तीत जास्त पाच. रात्रीचे 5 तास, दहा टेकऑफ आणि दहा लँडिंगसह, आणि तेही शेवटच्या सहा महिन्यांतले. इन्स्ट्रुमेंट रेटिंग हवं असेल, आणि नोकरीसाठी ते हवंच, तर इन्स्ट्रुमेंट 40 तासांवर जातं, त्यात सिम्युलेटर 20पर्यंत चालतो. शिवाय पायलट-इन-कमांड म्हणून क्रॉस-कंट्री 50 तास.

यातली ‘शेवटचे सहा महिने’ ही अट नीट वाचा. मुलीचे 185 तास झाले, रात्रीचं फ्लाइंग आटोपलं, आणि मग शेवटचे तास ज्यावर करायचे ते शाळेचं एकुलतं मल्टी-इंजिन विमान चार-सहा महिने बंद पडलं, असं सर्रास होतं. विमान परत उडेपर्यंत रात्रीची लँडिंग जुनी झालेली असतात, स्किल टेस्टची (उड्डाणाच्या परीक्षेची) मुदतही संपत आलेली असते. मग ते सगळं पुन्हा करायचं, पुन्हा पैसे भरून. 200 तासांचं लायसन्स 215 तासांवर हातात पडतं आणि वरच्या पंधरा तासांचं बिल शाळा काही आपल्या अंगावर घेत नाही. प्रवेशाच्या वेळीच लेखी विचारा: विमान नसल्यामुळे रिसेन्सी, म्हणजे ही सहा महिन्यांची अट, हुकली तर जादा तास कोणाच्या खर्चाने?

आता रोजचं वेळापत्रक. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचं डिटेल लागतं: कुठलं विमान, कोण विद्यार्थी, कोण इन्स्ट्रक्टर, कुठला एक्सरसाइझ, ड्युअल (इन्स्ट्रक्टरसोबत) की सोलो (एकट्याने). हल्ली ते मोबाइलवर येतं, काही ठिकाणी अजून फळ्यावर. हे डिटेल म्हणजे रेल्वेचं आरक्षण नव्हे. सकाळी पहिल्या विमानात स्नॅग (बिघाड) निघाला की खालची सगळी नावं सरकतात, आणि शेवटच्या दोघांचा दिवस जातो. म्हणून दिवसाला एक सॉर्टी (उड्डाणाची एक खेप) हे गृहीतक सोडून द्या. आठवड्याला तीन-चार मिळत असतील तर शाळा चांगली चालली आहे.

कोणाचं नाव आधी लागतं, याला एक न लिहिलेला क्रम असतो. स्किल टेस्ट जवळ आलेला विद्यार्थी पहिला, पहिल्या सोलोच्या उंबरठ्यावरचा दुसरा, नंतर मधले. 40 ते 120 तासांच्या मधले विद्यार्थी सगळ्यात जास्त ताटकळतात, आणि तक्रारीही त्यांच्याच असतात. यात इन्स्ट्रक्टरचा हिशेब वेगळा. एका तासाच्या ड्युअलला आधी वीस-तीस मिनिटं ब्रीफिंग आणि नंतर पंधरा मिनिटं डीब्रीफिंग धरलं तर एक माणूस दिवसात चार-पाच सॉर्ट्यांपुढे नीट शिकवू शकत नाही. पहिल्या सोलोला सोडण्याचा अधिकार साध्या असिस्टंट इन्स्ट्रक्टरला नसतो. चीफ किंवा डेप्युटी चीफला चेक घ्यावा लागतो. चीफ साहेब आठवडाभर दिल्लीला गेले की तयार झालेले तीन विद्यार्थी जमिनीवर. आणि चेक आठ दिवस लांबला की हात बसतो तो सुटतो. मग चेकच्या आधी एक तास पुन्हा ड्युअल. तो तासही बिलात येतो.

इंदूरचा स्वतःचा एक गुंता आहे. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ हा एअरलाइनचा धावता विमानतळ आहे. शिकाऊ विमानाला हवी असते सकाळची शांत हवा, सहा ते नऊ-साडेनऊ. एअरलाइनचीही सकाळची गर्दी तीच. एअरबस 320 टेकऑफ घेऊन गेली की मागच्या हलक्या विमानाला वेक टर्ब्युलन्ससाठी, म्हणजे मोठ्या विमानामागचे हवेतले भोवरे विरेपर्यंत, दोन मिनिटं थांबावं लागतं, रनवेच्या मधून निघायचं असेल तर तीन. सर्किटमध्ये, म्हणजे लँडिंगच्या सरावासाठी विमानतळाभोवती घिरट्या घालत असाल, तर टॉवर डाउनविंडवरच (रनवेला समांतर टप्प्यावर) गोल फिरवत ठेवतो. मोकळ्या हवाईपट्टीवर, म्हणजे सागरजवळच्या ढान्यासारख्या ठिकाणी, एका तासात आठ-नऊ लँडिंग बसतात. व्यस्त विमानतळावर पाच-सहा झाली तरी बरं म्हणायचं. लँडिंग शिकायला लागते ती संख्या, तास नव्हे. त्यामुळे व्यस्त विमानतळावरचा विद्यार्थी सोलोला चार-पाच तास उशिरा पोहोचला तर तो मंद आहे असं समजू नका. त्याच्या बदल्यात त्याचं रेडिओवरचं बोलणं पक्कं होतं आणि मोठ्या विमानांमध्ये वावरायची भीड चेपते. नोकरीत ते कामी येतं, पण त्याची किंमत आज द्यावी लागते.

आता मीटर. एक सॉर्टी जवळून बघू. 7:04ला इंजिन सुरू. तेलाचा दाब, रेडिओ, एटीस (विमानतळाची ध्वनिमुद्रित हवामान-माहिती) ऐकणं. 7:10ला चॉक (चाकाखालचा अडसर) काढून विमान हललं. होल्डिंग पॉइंटवर रन-अप (टेकऑफआधीची इंजिनाची तपासणी), मग फायनलवर आलेल्या विमानासाठी थांबा. 7:24ला टेकऑफ, 8:12ला शेवटचं लँडिंग, 8:17ला जागेवर, 8:19ला इंजिन बंद. हवेत होते 48 मिनिटं. चॉक-टू-चॉक 1 तास 7 मिनिटं. इंजिन चालू 1 तास 15 मिनिटं.

लॉगबुकात जातो तो चॉक-टू-चॉक वेळ: विमान उड्डाणासाठी प्रथम हललं तेव्हापासून शेवटी थांबेपर्यंत. (लॉगबुक यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, भरतात, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा, 7:10 म्हणजे 01:40. नवे विद्यार्थी पहिल्या महिन्यात इथे हमखास घोळ घालतात.) पण बिल कशावर निघतं, ते शाळेगणिक बदलतं. हिशेबापुरता दर 15,000 रुपये धरा. चॉक-टू-चॉकवर 16,750 रुपये. विमानातलं हॉब्स मीटर तेलाचा दाब आला की पळू लागतं आणि दशांश तासात, म्हणजे सहा-सहा मिनिटांत मोजतं. ते इथे 1.2 किंवा 1.3 दाखवेल, म्हणजे 18,000 ते 19,500. टॅको मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतं, जमिनीवर मंद इंजिनात ते हळू सरकतं, म्हणून ते सगळ्यात कमी दाखवतं. मेंटेनन्ससाठी ते वापरतात, बिलासाठी फारसं कोणी वापरत नाही. कारण उघड आहे.

फरक क्षुल्लक वाटतो. पण 200 तासांत साधारण 180 सॉर्ट्या होतात. हॉब्सवर बिल आणि चॉकवर लॉग असेल, आणि दर सॉर्टीला चारच मिनिटं जास्त गेली असं धरलं, तर 720 मिनिटं होतात. बारा तास. एक लाख ऐंशी हजार रुपये दिले आणि लॉगबुकात त्यातलं एक मिनिट नाही. त्यामुळे 15,000 हॉब्सवरचा आणि 15,500 चॉकवरचा असे दोन दर समोर आले तर दुसरा स्वस्त आहे.

आणखी एक बारीक प्रश्न विचारून ठेवा. रन-अपला मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारे दोन संच) तपासताना सेस्ना 172 एसमध्ये 1800 आरपीएमवर एका मॅग्नेटोचा ड्रॉप, म्हणजे फेऱ्यांतली घट, 150च्या आत आणि दोन्हींतला फरक 50च्या आत लागतो. तो जास्त आला की विमान परत अॅप्रनवर. उड्डाण झालंच नाही, म्हणून लॉग काहीच नाही, पण इंजिन वीस मिनिटं चाललं. त्याचे पैसे लागतात का? सचोटीची शाळा घेत नाही. अर्थात, पुष्कळदा हा ड्रॉप विद्यार्थ्याच्याच हाताने आलेला असतो. 100 एलएल एव्हगॅस या विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं. टॅक्सी करताना आणि थांबलेलं असताना मिक्स्चर (इंधन-हवेचं मिश्रण) पूर्ण रिच, म्हणजे जास्त इंधनाचं, ठेवलं की शिशाचे कण स्पार्क प्लगवर जमतात. जमिनीवर मिक्स्चर लीन करायची सवय पहिल्या दहा तासांत लागली तर निम्मे असे फेरे वाचतात. आणि टेकऑफच्या आधी ते परत पुढे ढकलायचं, हे चेकलिस्टला धरूनच.

सॉर्टी बुडण्याची विद्यार्थ्याच्या बाजूची कारणंही आहेत. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी ब्रेथ अॅनालायझर असतो. अल्कोहोल असलेलं माउथवॉश किंवा होमिओपॅथीचे थेंब घेऊन आलात तर मशीन कारण विचारत नाही. मेडिकलची तारीख संपली, ऑथोरायझेशन बुकावर सही राहिली, हवामानाचं ब्रीफिंग घेतलं नाही, नकाशा-प्लॉट तयार नाही. क्रॉस-कंट्रीला तर फ्लाइट प्लॅन आणि एअर डिफेन्स क्लिअरन्सचा नंबर येईपर्यंत हलता येत नाही. ऐनवेळी न येण्याला बऱ्याच शाळा नो-शो आकारतात. ते योग्यच आहे, पण मग शाळेने ऐनवेळी रद्द केलं तर काय, हेही त्याच कागदावर असावं.

क्रॉस-कंट्रीचं बिल वेगळं बघा. इंदूर-भोपाळ हवाई अंतर सुमारे 90 नॉटिकल मैल, येऊन-जाऊन 180. 300च्या फेरीसाठी तिसरा विमानतळ गुंफावा लागतो, म्हणजे तीन-साडेतीन तासांची एकच सॉर्टी. एअरलाइनच्या विमानतळांवर जेट ए-1 (जेट विमानांचं इंधन) मिळतं, एव्हगॅस मिळेलच असं नाही, म्हणून इंधन इथूनच पुरवावं लागतं. 172 एसच्या टाकीत वापरण्याजोगं सुमारे 200 लिटर बसतं, ताशी 35च्या आसपास जातं. फेरी बसते, पण परतीला समोरचा वारा आणि राखीव इंधन धरून हिशेब मांडायला शिकतात तो इथेच. दुसऱ्या विमानतळावरचं हँडलिंग कोणी भरायचं, ते आधी ठरवून घ्या.

इंधनाचा विषय निघालाच आहे. एव्हगॅस पूर्वी बाहेरून यायचं. इंडियन ऑइलने 2022मध्ये वडोदऱ्याच्या गुजरात रिफायनरीत ते बनवायला सुरुवात केली. करारात ‘इंधनदरानुसार बदल’ असं कलम असतं. ते असू द्या, फक्त सूत्र लिहून घ्या. लिटरमागे 20 रुपये वाढले तर ताशी 35 लिटरला 700 रुपये होतात. शाळेने 1,500 वाढवले तर उरलेले 800 कशाचे, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. डिझेल इंजिनाचं डायमंड डीए 40 जेट ए-1वरच चालतं, त्याला हे दुखणं नाही.

हवामानाचं म्हणाल तर आपल्याकडे माळव्यात जून मध्यापासून सप्टेंबरपर्यंत खालचे ढग. व्हीएफआरला, म्हणजे डोळ्यांनी बघून उडायला, पाच किलोमीटर दृश्यता लागते, ती डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात साडेनऊपर्यंत कधी कधी येतच नाही. एप्रिल-मेमध्ये आकाश स्वच्छ, पण इंदूर समुद्रसपाटीपासून 1850 फुटांवर आहे. 40 अंशांत विमानाला ती हवा 5,300 फुटांवरची वाटते. टेकऑफ लांबतो, चढ मंदावतो, अकरानंतर वाऱ्याचे झटके येतात आणि सोलो विद्यार्थ्यांना बसवून ठेवतात. सेस्ना 152 चाचणीत उतरवून दाखवलेला आडवा वारा 12 नॉटचा (ताशी नॉटिकल मैल), 172चा पंधराचा. शिकाऊ सोलोसाठी शाळा याहून बरीच कमी मर्यादा ठेवते, आणि ठेवावीच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: निकालानंतर जून-जुलैत घाईने फ्लाइंगचा पहिला हप्ता भरू नका. पावसाळ्यात क्लास 2 मेडिकल, त्यानंतर क्लास 1, डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर (परीक्षेसाठीचा नोंदणी क्रमांक), आणि नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्सचे पेपर. पासिंग 70 टक्के, आणि नेव्हिगेशन पहिल्या फटक्यात निघालं नाही तर रडू नका. क्लास 1 आधी करायचं कारण एवढंच, की रंगांधळेपणासारखी गोष्ट तीस तास उडून झाल्यावर कळू नये. ऑक्टोबरला पहिली सॉर्टी घेतली की मार्चपर्यंत धुक्याचे दिवस सोडून सलग हवा मिळते. सलगपणा हीच बचत. आठवड्याला चार सॉर्ट्या मिळणारा विद्यार्थी पंधरा-अठरा तासांत सोलो जातो. पंधरवड्याला एक मिळणारा पंचवीस ओलांडतो, कारण प्रत्येक वेळी पहिली वीस मिनिटं मागचं आठवण्यात जातात. पेपर बाकी असताना फ्लाइंग संपवणं हेही वाईट, कारण सहा महिन्यांची अट पुन्हा गाठते.

आता पैसे. चाल अशी असते की एक रक्कम आगाऊ जमा करायची आणि प्रत्येक सॉर्टीनंतर त्यातून वजा होत जातं. शिल्लक ठरावीक आकड्याखाली गेली की डिटेलवर नाव लागत नाही. दुसरा प्रकार म्हणजे तारखांना बांधलेले हप्ते: प्रवेशाला इतके, तीन महिन्यांनी इतके. दुसऱ्या प्रकाराला नाही म्हणा. हप्ता कॅलेंडरला नव्हे, तासांना बांधा: 0, 40, 80, 120, 160. एकरकमी भरल्यास दोन लाख सूट असं कोणी म्हणालं तर ती सूट नसते, तुमच्याच पैशावरचं व्याज असतं. आणि एकदा सगळे पैसे आत गेले की डिटेलवर तुमचं नाव आणायची घाई कोणालाच उरत नाही.

15,000च्याच दराने 180 तास सिंगल-इंजिनचे 27 लाख, मल्टी-इंजिनचा दर 40,000 धरून 20 तासांचे 8 लाख. पस्तीस. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या शाळेचे टाका. यावर सिम्युलेटर, ग्राउंड क्लास, परीक्षक, युनिफॉर्म, हेडसेट, रेडिओचं लायसन्स. स्किल टेस्टचे तास लोक विसरतात: दिवसाची आणि रात्रीची जनरल फ्लाइंग टेस्ट, दिवसाची 250 नॉटिकल मैलांची क्रॉस-कंट्री, रात्रीची 120ची, आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग. हे तास 200मध्ये बसवता येतात. चांगला चीफ इन्स्ट्रक्टर सुरुवातीपासून तशीच आखणी करतो. तुमच्या शाळेत ते 200च्या वर जातात का, विचारा. मी म्हणेन, ठरलेल्या रकमेवर दहा-पंधरा टक्के बाजूला ठेवूनच यात उतरा. जीएसटीबाबत: परिषदेच्या सप्टेंबर 2024च्या बैठकीत ठरल्याप्रमाणे डीजीसीएमान्य संस्थेच्या मान्यताप्राप्त फ्लाइंग कोर्सवर तो लागत नाही. कोटेशनमध्ये 18 टक्के दिसले तर कशावर, ते विचारा.

कर्ज काढणार असाल तर बँकेला शाळेचं तासांना बांधलेलं हप्त्यांचं पत्रक द्या, म्हणजे पैसे तसेच सुटतील आणि व्याज उचललेल्या रकमेवरच लागेल. कोर्सचा कालावधी पत्रात बारा महिने लिहिला असेल तर तो बदलून घ्या. हप्त्यांची सवलत त्या मुदतीला धरून असते. फ्लाइंग चोवीस महिने चाललं तर मुलगी 130 तासांवर असतानाच ईएमआय सुरू होतो. एअरलाइनचं टाइप रेटिंग, म्हणजे विशिष्ट मोठ्या विमानाचं प्रशिक्षण, यात धरलेलं नाही. तो खर्च पुढचा आणि वेगळा.

दर महिन्याच्या शेवटी मुलीला शाळेचं लेजर आणि आपलं लॉगबुक समोरासमोर ठेवायला सांगा: तारीख, विमानाचं नोंदणी चिन्ह, वेळ, ड्युअल की सोलो. फरक सापडला तर त्याच आठवड्यात लेखी कळवा. सहा महिन्यांपूर्वीची बारा मिनिटं कोणी परत देत नाही. लॉगबुकाच्या प्रत्येक भरलेल्या पानावर चीफ इन्स्ट्रक्टरची सही-शिक्का घेऊन लगेच फोटो काढून ठेवा. मधेच शाळा बदलायची वेळ आलीच तर नवी शाळा हीच प्रमाणित पानं, ट्रेनिंग रेकॉर्ड आणि नो-ड्यूज मागते. बाकी पैशांचा वाद चालू असेल तर जुनी शाळा नेमकी या कागदांवर बसून राहते. म्हणून उरलेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत आणि कागद किती दिवसांत हातात, ही दोन वाक्यं प्रवेशाच्या कागदावरच लिहून घ्या. पहिला चेक त्यानंतर फाडायचा.